अंगठा खोटं बोलला ते साल

या अंकाचं पान उलटताना तुमच्या बोटाला अनारशाचा चिकटा लागला असेल, तर माझा नमस्कार घ्या. तो गूळ मी केलेला असण्याचा बराच संभव आहे. मी गुळव्या. कोल्हापुरापासून शिरोळपर्यंत नदीच्या काठाने जेवढी गुऱ्हाळं लागतात, त्यांतल्या निम्म्या ठिकाणी माझं नाव आदराने घेतात. उरलेल्या निम्म्या ठिकाणी मी अजून गेलेलो नाही.

गुळव्या लिहितो कसा, असं तुम्हाला वाटलं असेल. महाराजांनी शाळा सक्तीची केल्यापासून माझी धाकटी मुलगी दिवसभर शिकून येते आणि संध्याकाळी त्याचा सूड माझ्यावर उगवते. तिच्या हाताखाली मी जोडाक्षरांपर्यंत सुखरूप पोचलो आहे. पुढे काही चुकलं असेल तर तो दोष गुरूचा.

गूळ म्हणजे उसाचा रस आटवला की झाला, असं शहरातल्या लोकांना वाटतं. तसं म्हटलं तर नाटक म्हणजे तोंडाला रंग लावून ओरडलं की झालं. अहो, बैल चरक फिरवतात, चरकातून रस पडतो, तो काहिलीत येतो. काहील म्हणजे लोखंडी पसरट कढई. एखादं कुटुंब तिच्यात आंघोळीला बसेल एवढी. तिच्याखाली जमिनीत खणलेली भट्टी, ती चुलवाण. चुलवाणात लाकूड घालत नाहीत. पिळून निघालेल्या उसाची चिपाडं उन्हात वाळवायची आणि तीच जाळायची. ऊस स्वतःच्याच सरणावर शिजतो म्हणा ना. फक्त त्या सरणाला ऊन लागतं, एवढं लक्षात ठेवा.

रस उकळतो, त्यावरची मळी काढतात, रानभेंडीचं पाणी घालतात, रंग तांबूस होतो, बुडबुडे जड व्हायला लागतात. मग माझा प्रवेश. हा प्रवेश मी कधी साधेपणाने केला नाही. फेटा नीट करायचा, पितळेच्या तांब्यात नदीचं गार पाणी घ्यायचं, माणसं बाजूला सारत काहिलीशी यायचं, बोटं पाण्यात बुडवून उकळत्या रसातला टिपका उचलायचा. बघणाऱ्या पावण्यांच्या तोंडून 'आई गं' निघतं, ते ऐकून घ्यायचं. टिपका तांब्यातल्या पाण्यात सोडायचा, अंगठ्याखाली वळून त्याची गोळी करायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण्ण वाजली की हात वर करून आरोळी, "उतरवाऽ!" गडी कड्यांत दांडे घालून काहील ओढतात. श्वासभर उशीर झाला तर गूळ करपतो, श्वासभर घाई झाली तर ढेप बसत नाही, पातळ राहते.

गिऱ्हाइकं काय एकेक भेटली! एका इनामदारांना वैद्यांनी गोड वर्ज्य सांगितलं होतं. त्यांनी मला 'जरा कमी गोड' गूळ करायला सांगितला. एक पैलवान पैजेवर रस प्यायला बसला, आणि शेवटी चरकाच्या बैलांनी हार मानली, त्याने नाही. हे सगळं सणासुदीला सांगण्यासारखं आहे. पण मला सांगायची आहे ती भीतीची गोष्ट. भीती मला फार आवडते. सांगायला. भोगायला नाही.

माझ्या मिशा पुऱ्या काळ्या होत्या, त्या काळातलं एक साल. त्या साली थंडी आली नाही. उशिरा आली असं नव्हे, आलीच नाही.

मी तेव्हा शिरोळच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर, बाबगोंडा पाटलांच्या गुऱ्हाळावर होतो. बाबगोंडा जैन शेतकरी. उंच, वाळलेले, दिवस मावळायच्या आत जेवणारे, पाणी गाळून पिणारे. बोलणं इतकं कमी की त्यांचा एक शब्द ऐकायला बैलसुद्धा थांबत. त्यांच्या गुऱ्हाळावर एक नेम होता: चिपाडाचा भारा चुलवाणात घालण्याआधी झटकायचा. आत मुंगी, किडा, काही असेल तर ते जळू नये. जाळ घालणारा माझा जुना सोबती दस्तगीर. त्याच्या आज्यापासून पाटलांच्या गुऱ्हाळाचा जाळ दस्तगीरच्याच घराकडे होता. तो हा नेम पाळायचा आणि पाळताना कुरकुरायचा.

मार्गशीर्षात नवं चुलवाण खणताना दस्तगीरची पहार कशावर तरी आपटली.

"वस्ताद, जातं घावलं!"

खरंच जात्यासारखं होतं. हातभर दगड, आणि वर टाकी लावावी तशा ओळीने खाचा. बाबगोंडांची बायको तानाक्का घरातून आली, तिने त्या खाचांवरून हात फिरवला.

"टाकी झ्याक लावलीया," ती म्हणाली. मग तिने तो दगड उलटा केला. "पर ह्येला खाली मुळ्या कशाच्या?"

खाली मुळ्या होत्या. दाढेला असतात तशा. सगळे एक पाऊल मागे सरलो. मीही, उगाच कशाला खोटं सांगू. दगड पोत्यात गुंडाळून लिंबाखाली ठेवला आणि त्या दिवसापासून लिंबाखाली कुणी जेवायला बसेना.

पौष लागला तरी वाकळा घडी मोडून बाहेर आल्या नाहीत. आभाळ रोज झाकण ठेवल्यासारखं. पाऊस नाही, ऊन नाही, वारा नाही. आमच्या त्या पट्ट्यात जिथं बघाल तिथं गुऱ्हाळाचा धूर. एरवी तो सकाळच्या गारव्यात सरळ वर जातो आणि नाहीसा होतो. त्या साली तो माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर येऊन थांबला आणि आडवा पसरला. शाळूवर चिकटा पडला. आंब्याचा मोहोर काळा झाला. थंडीत कधी न दिसणाऱ्या गांधीलमाश्या काहिलीवर घोंगावायला लागल्या. बैल खोकायचे. बैल खोकलेला तुम्ही ऐकला आहे का? म्हातारा माणूस खोकल्यासारखा वाटतो, आणि दचकून मागे बघावं तर बैल.

पहिल्याच आदणाला, म्हणजे पहिल्या काहिलीला, मी थाटात पुढं झालो. टिपका उचलला, पाण्यात सोडला, गोळी वळली, काठावर मारली. आवाज आला नाही. पुन्हा. नाही. रस अजून कच्चा आहे म्हणून मी जाळ चालू ठेवला. तिसऱ्यांदा गोळी वाजली तेव्हा काहिलीतून जळका वास यायला लागला होता. गूळ निघाला तो माझ्या मिशांच्या रंगाचा.

तेव्हा कळलं. नदीचं पाणीच कोमट होतं. त्या पाण्यात गोळी वेळेवर आवळत नव्हती. गुळव्याची अर्धी विद्या अंगठ्यात आणि अर्धी पाण्याच्या थंडीत असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवणाऱ्याला तशी वेळच आली नव्हती. काठावरच्या सगळ्या गुळव्यांची त्या साली हीच गत. आमचे अंगठे एकदम खोटं बोलायला लागले. मग मी भिऊन आधीच उतरवायला लागलो, तर ढेपा बसेनात. साच्यातून काढली की ढेप हळूहळू पाय पसरायची आणि जमिनीला निजायची.

एकदा दुपारी दस्तगीरने चिपाडाचा भारा उचलला आणि नेमाप्रमाणे झटकला. आतून नाग पडला. पौषात! पौषात नाग बिळाच्या तळाशी मेल्यासारखा पडलेला असायचा. हा फणा काढून उभा. दस्तगीर भाऱ्यासकट थिजला. बाबगोंडांनी हात जोडले. नागाने आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि काही घाई नसल्यासारखा उसात निघून गेला.

"दादा," दस्तगीर बाबगोंडांना म्हणाला, "आता ह्यो झोपला न्हाय तर कोन झोपल?"

त्या दिवसापासून तो प्रत्येक भारा दोनदा झटकायला लागला, तेही न कुरकुरता.

संक्रांतीला बाबगोंडांचा पुतण्या नेमगोंडा आला. तो कोल्हापुरात मास्तर. कॉलेजात शिकलेला, चष्मा, कोट, पण रसाचा पेला हातात घेतल्यावर मिशीला फेस लावणारा आमचाच माणूस. त्यांच्या घरात कानडी वळणाने थोरल्या चुलत्याला 'दोडप्पा' म्हणतात. त्याने पोतं सोडून तो दगड बघितला आणि तिथंच मांडी घातली.

"दोडप्पा, हे जातं नाही. दाढ आहे. हत्तीसारख्या जनावराची. दगड झालाय तिचा."

त्या वेळी वरच्या अंगाचे शेतकरी रावजी रस प्यायला आले होते. त्यांचं रान बाबगोंडांच्या रानाला लागून, नदीच्या वरच्या बाजूला. आवाज असा की पलीकडच्या तीरावरची म्हैस दूध चोरायची.

"हत्ती? हितं? म्हाराजांचा सुटून आलता काय?"

"महाराजांच्या आधीचा, रावजीकाका. रामाच्याही आधीचा."

"मग तवा राज्य कुनाचं व्हतं?"

"कुणाचंच नव्हतं. माणूसच नव्हता."

दस्तगीरने दाढेवरचा हात काढून घेतला.

मास्तर मग रंगात आला. मला असा माणूस आवडतो. मीच बोलतोय असं वाटतं. त्याने पायाखालच्या काळ्या दगडावर बूट आपटला. "हा दगड एकेकाळी वितळून काकवीसारखा वाहत होता. थरावर थर, ढेपेवर ढेप. मग गार झाला. मग रान आलं, पाणी आलं, असले हत्ती आले. मग कोरडं पडलं, हत्ती गेले. विलायतेत आज गावं आहेत तिथं डोंगराएवढा बर्फ होता, तोही वितळला. हे सगळं कुणाच्या चुलवाणानं केलं? पृथ्वी स्वतःच कूस बदलते, दोडप्पा. एक हिवाळा चुकला म्हणून एवढं भिण्याचं कारण नाही."

हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे अंगठ्याचा दोष नव्हता, पृथ्वीचा होता. रावजींनी तर मांडीवर थाप मारली.

"मी काय म्हनत हुतो? आभाळ केवढं, धूर केवढा! ह्यो बाबगोंडा म्हनतोय, आपल्या गुऱ्हाळांनी हवा बिघाडली. आपन काठावरची झाडं तोडली म्हनं, म्हनून थंडी रुसली. थंडी काय नवी नवरी हाय रुसाया?"

बाबगोंडा रसाची मळी काढत होते. हातातला झारा तसाच धरून ते म्हणाले, "घर आपोआप बी पडतंय की."

"म्हंजे?"

"जुनं झालं, पावसानं भिजलं, पडलं. म्हनून मी तुझ्या भिताडाला पहार लावली तर तू गप बसशील? म्हनशील, पडायचंच हुतं?"

रावजींनी पेला खाली ठेवला. "आरं पन माझ्या भिताडाला पहार लावाया हात पायजे. आभाळाला हात कसा पोचंल?"

बाबगोंडांनी वर बघितलं नाही. समोर बघितलं. धूर तिथंच होता, आमच्या कपाळाएवढ्या उंचीवर, एका रानातून दुसऱ्या रानात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, कुठं एकाचा संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो ते न कळणारा. "पोचलाय की," ते म्हणाले.

मास्तर प्रामाणिक होता. चष्मा पुसत म्हणाला, "तसं मी कुठंसं वाचलंय खरं. थंड मुलखातला कुणी पंडित म्हणतो, की कोळशाच्या धुरानं हवा उबदार होत जाईल आणि त्यांच्याकडं पुढंमागं सुखाचं ऊन पडेल."

दस्तगीर चुलवाणाच्या तोंडाशी बसला होता. तिथूनच त्याने विचारलं, "त्येंच्याकडं सुखाचं पडंल. मग आमच्याकडं कसलं पडंल, मास्तर?"

मास्तरने चष्मा डोळ्यांना लावला, पुन्हा काढला. वर्गात त्याला असा प्रश्न कुणी विचारला नसावा. बाबगोंडांनीच शेवटी विचारलं, "त्या हत्तींस्नी जायाला किती दिस लागलं?"

"दिवस नाही, दोडप्पा. हजारो वर्षं. कदाचित लाखो."

"माझा बा सांगायचा, त्येच्या पोरपनी हितनं नदी दिसत न्हवती, येवढी झाडी. मी पोर असताना दिसाया लागली. आता तर रावजीच्या रानातली शेळी बी हितनं दिसती. हत्तीला लाख वर्सं, आनि हे एका म्हाताऱ्याच्या डोळ्यादेखत. माझं भ्या येवढंच हाय बघ. पृथ्वी कूस बदलती म्हनतोस. बदलू दे. पर निजलेल्या मानसाला ढोसून उठवलं तर तो कसा उठल?"

"मला ठाऊक नाही, दोडप्पा," मास्तर म्हणाला.

वाचकहो, गावात वाद पुष्कळ होतात आणि जेवणाच्या वेळेला संपतात. हा संपला नाही, कारण त्यावर एक गोष्ट अडली होती. वाळकी चिपाडं सरली. नवी वाळेनात, हात लावला तर ओल, आणि जाळात घातली तर नुसता धूर. रानात ऊस उभा. त्याला तुरे फुटले होते. तुरा आला की ऊस आतून पोकळ होत जातो, गोडी उतरते. गुऱ्हाळ बंद ठेवलं तर वर्षाचं पीक उभ्याउभ्या वैरण होणार. आणि जाळायला होतं काय? बाबगोंडांच्या बांधाला, अगदी नदीच्या कडेला, करंजांची रांग. मध्ये दोन जांभळी, टोकाला एक उंबर. त्यांच्या मुळ्यांनी काठ मुठीत धरल्यासारखा धरला होता. त्यांच्यामागे बाबगोंडांचं रान, रानाच्या टोकाला घर. झाडं तोडली तर ऊस वाचणार. पण पुढच्या पुराला काठ वाचेल का?

रावजी रोज विचारायचे, "तोडतोस न्हवं?" त्यांच्या बांधालाही तशीच रांग होती.

एका सकाळी बाबगोंडा खांद्यावर कुऱ्हाड घेऊन निघाले. किड्यासाठी भारा झटकणारा माणूस! तोंडात जप चालू होता आणि पाय असे पडत होते, जसं कुणीतरी मागून ढकलतंय. मी, दस्तगीर, तानाक्का, सगळे मागोमाग. आणि मास्तर धावत पुढं जाऊन पहिल्या करंजाला पाठ लावून उभा. कोटाची एकच बाही चढवलेली.

"नको, दोडप्पा."

"सर," बाबगोंडा म्हणाले. "तूच म्हनलास न्हवं, मानसाच्या हातात काय न्हाय? पृथ्वी आपली आपन कूस बदलती? मग हे झाड ऱ्हायलं काय, गेलं काय."

"म्हणूनच नको! पृथ्वी कुणाचं ऐकत नाही म्हणूनच नको. ती कूस बदलेल तेव्हा नदीला आडवं यायला तुमच्याकडं एवढीच रांग आहे. आणि तुम्ही म्हणत होता, झाडं तोडून आपणच हे ओढवून घेतलं. मग तुमच्याच हातात कुऱ्हाड?"

"मग पोरास्नी काय चारू? पाप लागंल ह्याचं भ्या हाय, उपाशी मरतील ह्याचं न्हाय व्हय?"

कालपर्यंतचा एकाचा वाद आज दुसऱ्याच्या तोंडात. वाद कुणाचाच नव्हता. भीती होती, ती तेवढी दोघांची.

मग बाबगोंडा माझ्याकडे वळले. "गुळव्या, तू सांग. लाकडाचा जाळ दिला तर गूळ बसंल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. असा क्षण मी आयुष्यभर मागितला होता: सगळी सभा गप्प, सगळे डोळे माझ्यावर. बसेल म्हणालो तर झाडं पडणार. नाही म्हणालो तर ऊस गेला. आणि खरं उत्तर मला माहीत नव्हतं. मी फेटा नीट केला. पुन्हा नीट केला.

"बसंल का, बसंल का काय लावलंय!" तानाक्का मागून कडाडली. "बसवतंय कोन? काकवी करा की!"

काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा दाट पाक. मडक्यात भरून ठेवायचा. तिला बसायचं नसतं, वाजायचं नसतं, तिला गुळव्याचा अंगठा लागत नाही. काहील लवकर उतरते, जाळ कमी लागतो. पाचट, काटक्या, गोवऱ्या यांच्यावरही भागतं. बाजारात गुळापुढं तिला मान नाही, पण फुकट जाणाऱ्या उसापेक्षा काहीतरी.

"अक्का," मी म्हणालो, आता वाचा आली, "गुळव्यानं काकवी करायची? म्हणजे गवयानं रात्रभर तंबोराच जुळवत बसायचं!"

"मग जुळव. गानं ऐकाया कोन बसलंय?"

दस्तगीर तोंडावर टॉवेल धरून हसला. त्या महिन्यातलं गुऱ्हाळावरचं पहिलं हसू. बाबगोंडांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि करंजाच्या बुंध्याला टेकून बसले, थेट मास्तरच्या पायाशी.

आम्ही काकवी केली. मडकी कमी पडली तेव्हा तानाक्काने घरातले हंडे काढले. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी मला बघून विचारलं, "काय वस्ताद, आता सरबताचं दुकान का?" मी वाकून मुजरा केला. काय करणार?

रावजींनी मात्र दोन दिवसांत आपल्या बांधाची रांग उतरवली. कुऱ्हाडींचा आवाज आमच्या काहिलीपर्यंत येत होता. मास्तर तिकडं धावत गेला. मीही गेलो, नाटक चुकवायचा माझा स्वभाव नाही.

"रावजीकाका, असं करू नका."

"का? तुमीच सांगितलासा की. मानसानं काय बी केलं तरी पृथ्वीला फरक पडत न्हाय."

"मी तसं नव्हतो म्हणालो."

"म्हनलासा की! चार मानसांत म्हनलासा. गुळवं साक्षीला हुतं." रावजी माझ्याकडे वळले. "व्हय का न्हाय, गुळवं?"

तसं तो म्हणाला नव्हता. पण रावजींनी जे ऐकलं ते त्याच्याच तोंडचं होतं, हेही खरं. पडलेल्या करंजाच्या फांदीवरची पानं मास्तर हाताने सारखी करत उभा राहिला, जशी काही ती पुन्हा लावायची आहेत. रावजींच्या चुलवाणाला दणकून जाळ लागला. त्यांचाही गूळ धड बसला नाही, पण जाळ बघण्यासारखा होता.

मग आला आषाढ आणि श्रावण. जो पाऊस हिवाळ्यात आभाळात कोंडल्यासारखा वाटत होता, तो एकदम सुटला. पुराचं आम्हाला अप्रूप नाही. वाडीच्या देवळात देवाच्या पायाशी पाणी आलं की आम्ही हात जोडतो, काठावरची माणसं जनावरं उंचावर नेतात, आठवड्याने चिखल काढतात. मी तेव्हा शिरोळात मेहुण्याकडे होतो. दस्तगीर बोलवायला आला तेव्हा त्याचा चेहराच मी ओळखला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस होता, पण उजेड नव्हता. बाबगोंडा आपल्या करंजांच्या रांगेत उभे होते. पुढं कृष्णा, लाल, फुगलेली, वाहून आणलेली झाडं उलटीपालटी करत. पाणी बुंध्यांना येऊन आपटायचं, घुमायचं, आणि मागे सरायचं. मुळ्यांनी काठ सोडला नव्हता. तसूभरही नाही.

"बघ गुळव्या," बाबगोंडा ओरडले. त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "बघ, कशी धरल्याती!"

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. आम्ही सगळेच त्या पाण्याकडे डोळे लावून उभे होतो. प्रत्येक लाटेबरोबर श्वास धरायचा आणि ती मागे सरली की सोडायचा. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

आणि मग घराकडून तानाक्काची हाक आली. हाक कसली, फाटलेला आवाज.

"मागं बगाऽ! मागंऽ!"

वरच्या अंगाला, रावजींच्या रानात, जिथं नुसते बुडखे उरले होते, तिथं काठ सुटला होता. मोठाली ढेकळं ओल्या ढेपेसारखी पाय पसरत पाण्यात निजत होती. त्या भगदाडातून नदी आत शिरली, रावजींचं रान घेतलं आणि उतार बघत बाबगोंडांच्या रानात आली. पुढून नाही. मागून. उसाच्या सऱ्यांतून पाणी आधी एकेक सरी करून आलं, अगदी पाटाचं पाणी यावं तसं शहाण्यासारखं. मग सऱ्या दिसेनाशा झाल्या. मग जमीनच हलायला लागली.

दस्तगीरने म्हाताऱ्याला कमरेला धरून ओढलं. बाबगोंडा येईनात. एका करंजाला त्यांनी मिठी मारली होती आणि ते मागे वळून आपल्या रानाकडे बघत होते. आम्ही दोघांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. छातीभर पाण्यातून घरापर्यंत आलो, तानाक्काला आणि जनावरांना घेऊन उंचावर गेलो. घर दुसऱ्या दिवशी बसलं. आवाजसुद्धा झाला नाही.

पाणी उतरल्यावर मास्तर कोल्हापुराहून आला. रावजीही आले होते. त्यांचंही रान गेलं होतं, आणि आवाजही. सगळे उंचवट्यावर उभे राहून खाली बघत होतो.

"नद्या पात्र बदलतात," मास्तर हळूच म्हणाला. "नेहमीच बदलत आल्यात..." आणि पुढं त्याला बोलवेना. त्याने बाबगोंडांच्या पायाला हात लावला आणि तसाच वाकून राहिला. बाबगोंडांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रावजी म्हणाले, "झाडं तोडली म्हनून झालं म्हनतोस का रं, बाबगोंडा?" बाबगोंडांनी मास्तरला खांद्याला धरून उठवलं.

पुढच्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली. पाणी बर्फासारखं झालं, गोळ्या टणटण वाजल्या, पेठेत माझा मान परत आला, आणि गुऱ्हाळागुऱ्हाळावर लोक म्हणाले, बघा, आली की नाही! त्यानंतर अशी कोमट सालं आणखीही आली, मध्ये चांगलीही आली. वाद अजून होतो. मी दोन्ही बाजूंनी छान बोलतो. रस पिता पिता लोक ऐकतात. बाबगोंडा आता आपल्या भावाच्या माळावरच्या तुकड्यात राहतात, नदीपासून लांब.

त्यांची झाडं अजून उभी आहेत. दोन जांभळी, एक उंबर, करंजांची सगळी रांग, एकही पडलेलं नाही. चैत्रात करंज फुलतात, तेव्हा तानाक्का एकदा जाऊन बघून येते. नावेतून जावं लागतं. नदी आता त्यांच्या मागून वाहते.